दगड कुणाला लागणार ते बघून क्रियापद निवडा

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातला एक तरुण मराठीत राजकारणावर व्हिडिओ करतो. थंबनेलवर 'खात्मा', 'सर्जिकल स्ट्राइक', 'करवेची नांगी ठेचली' असले शब्द असतात. करवे म्हणजे कर्नाटक रक्षण वेदिके, ही कन्नड संघटना. गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी त्याला झापलं, की तुझ्यासारख्यांमुळे पोरं दगड उचलतात. त्याचं म्हणणं, आपली भाषाच पोवाड्याची. निवडणूकसुद्धा आपण 'लढवतो', मग मीच कुणाचं घोडं मारलंय? आणि कुणी दगड मारलाच, तर जबाबदार मी कसा? बेळगावात मराठी दैनिकाच्या डेस्कवर माझी उभी हयात गेली, म्हणून हे माझ्याकडे आलंय.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो. मराठीत निवडणुकीचं लढवण्यावाचून दुसरं काही करताच येत नाही. उमेदवार रिंगणात उतरतो, शड्डू ठोकतो, पडतो. पॅनेलचा धुव्वा उडतो, बालेकिल्ला ढासळतो. हे शब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत झालेत की कुणाला टोचत नाहीत. ग्रामपंचायतीच्या निकालात 'अमक्याने तमक्याला धूळ चारली' असं वाचून कुणी खरंच कुणाच्या तोंडात माती कोंबल्याचं माझ्या ऐकिवात नाही. असले शब्द पुसून काढत बसलात तर तुमची भाषा सरकारी परिपत्रकासारखी होईल, आणि परिपत्रक कोण बघतो?

त्यातही कुस्तीचे शब्द मला निर्धोक वाटतात, आणि त्याला कारण आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात जोड लागते तेव्हा समोरचा पैलवान तोलामोलाचा असतो, पंच असतो, पाठ लागली की कुस्ती संपते, आणि हरलेला अंगाची माती झटकत उठून घरी जातो. चितपट, धोबीपछाड, अस्मान दाखवणं या सगळ्यांत समोरचा माणूसच राहतो. 'नांगी ठेचली'मध्ये तो विंचू होतो. विंचवाशी कुणी कुस्ती खेळत नाही, त्याच्यावर चप्पल घेऊनच जायचं असतं. तुमच्या तीन शब्दांत मला सगळ्यात खटकला तो हा. 'सर्जिकल स्ट्राइक' नुसता पोकळ आहे. तालुका पंचायतीच्या एका ठरावाला तो शब्द लावलात, तर त्यात तुमचंच हसं होतं, बाकी नुकसान नाही.

आता मास्तरांचं. त्यांच्या रागात अर्धं खरं आहे, अर्धं घाईचं. आधी शब्द आले, मग रक्त सांडलं, म्हणून शब्दांमुळेच सांडलं, हा हिशेब फार सोपा असतो आणि मराठी माणसाने तरी तो सहजासहजी मान्य करू नये. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त पुण्यातल्या शिवाजी उत्सवाची हकिगत आली. अफझलखानाला मारलं ते नीतीला धरून होतं का, यावरचं बोलणं तीत होतं. बरोबर आठवड्याने, २२ जूनला, चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. टिळकांवर भरलेला खटला खुनाचा नव्हता, राजद्रोहाचा होता. पण अँग्लो-इंडियन पत्रांनी दोन तारखा शेजारीशेजारी ठेवल्या आणि व्हायचं ते वातावरण झालं. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे ज्यूरीचा कौल सहा विरुद्ध तीन असा आला आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. याच टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना केली ती आपल्या बेळगावात, हे जाता जाता.

अमेरिकेतलं एक प्रकरण याच जातीचं आहे. ८ जानेवारी २०११ ला ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात गॅब्रिएल गिफर्ड्स या खासदार मतदारांना भेटत होत्या, तेव्हा एकाने बेछूट गोळीबार केला. सहा माणसं गेली. गिफर्ड्स डोक्यात गोळी लागूनही वाचल्या. त्याच्या काही महिने आधी सारा पेलिन यांच्या राजकीय समितीने प्रतिस्पर्ध्यांचे मतदारसंघ दाखवणारा एक नकाशा काढला होता, आणि त्या मतदारसंघांवर बंदुकीचा नेम धरल्यासारखी खूण होती. गिफर्ड्स यांचा मतदारसंघही त्यात होता. झालं, समालोचकांनी रातोरात दोन्ही गोष्टींची सांगड घातली. हल्लेखोर मानसिक आजाराने ग्रासलेला निघाला आणि त्याने तो नकाशा पाहिल्याचा पुरावा मिळाला नाही. तरीही २०१७ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या अग्रलेखात तो संबंध पुन्हा जोडला गेला. दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती छापावी लागली. पेलिन यांनी बदनामीचा दावा ठोकला, तो दोन ज्यूरींपुढे चालून एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्यांदा पत्राच्या बाजूने निकाली निघाला. म्हणजे हिंसक रूपकावर टीका करणारा समालोचकसुद्धा बेजबाबदार होऊ शकतो. मास्तरांना हे सांगा, पण आदबीने सांगा.

मग शब्दांचा काहीच परिणाम होत नाही का? होतो, पण सगळ्यांवर सारखा नाही. नेथन कॅल्मो नावाच्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने प्रयोग करून पाहिले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केले. लोकांना राजकीय मजकूर दाखवला, काहींना साध्या शब्दांत आणि काहींना 'झुंजू', 'लढू' अशा सौम्य लढाऊ शब्दांत. जे मुळातच आक्रमक स्वभावाचे होते, त्यांच्यात लढाऊ शब्दांनंतर राजकीय हिंसेला पाठिंबा वाढलेला दिसला. हा पाठिंबा कागदावरचा, प्रत्यक्ष हाणामारी नव्हे, हेही लक्षात घ्या. पण यातून समालोचकाला जे कळायचं ते कळतं. तुमचा व्हिडिओ हजार जणांनी बघितला, तर नऊशे नव्वद जण हसून पुढे जातील. उरलेले दहा कोण, ते तुम्ही निवडत नाही.

म्हणून डेस्कवर आम्ही 'यामुळे दगड पडेल का' असं विचारत नव्हतो. त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. विचारायचं ते हे, की समजा हे क्रियापद शब्दशः खरं झालं, तर ते कुणाच्या अंगावर पडेल? आणि तो माणूस आज रात्री कुठे असेल?

डिसेंबर २०२२ आठवा. महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला यायचे होते, दौरा बारगळला. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगचे ट्रक अडवले, दगडफेक झाली, नंबरप्लेटांना काळं फासलं. त्याच दिवशी पुण्यात स्वारगेटला कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. दोन्हीकडचे वाहिनीवाले 'सीमेवर रणकंदन', 'आरपारची लढाई' म्हणत होते. या लढाईत कोण उतरलं होतं? मंत्री आले नव्हते. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्यातले वकील दिल्लीत होते. दगड खाल्ले ते ट्रकच्या केबिनमधल्या ड्रायव्हरने, ज्याला महाजन आयोगाने १९६७ साली कुठली गावं कुणाला द्यायला सांगितली याच्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच. बेळगावजवळ कर्नाटकच्या बसच्या कंडक्टरला मारहाण झाली, भाषेवरून वाद झाला असं सांगितलं गेलं. लगोलग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या तोंडाला काळं फासलं. चित्रदुर्ग इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथल्या ड्रायव्हरने इथे कुणाला काय केलं होतं? पण दोन दिवस 'महाराष्ट्र' आणि 'कर्नाटक' अशी दोनच माणसं भांडत असल्यासारखं बोललं गेलं, की मग खाकी शर्टातला जो पहिला हाती लागेल तोच महाराष्ट्र किंवा तोच कर्नाटक होतो. मुंबईच्या आणि बेंगळुरूच्या स्टुडिओत बसून बोलणाऱ्याच्या गाडीची काच फुटत नाही. तुमची फुटू शकते, तुमच्या मामाची फुटू शकते. म्हणून त्यांची भाषा तुम्ही उचलू नका. त्यांना ती परवडते.

त्या ६ डिसेंबरच्या रात्रीचं एक सांगतो. पान लावायचं काम चाललं होतं आणि डेस्कचा फोन थांबत नव्हता. चंदगड तालुक्यातून एकाचा फोन आला. "साहेब, आई इथं बेळगावात दवाखान्यात हाय, उद्या सकाळी शिनोळीवरनं गाडी काढू का नको? एमएच ०९ हाय." टीव्हीवर तो दोन तास 'भडका', 'वणवा', 'सीमावाद पेटला' बघत होता आणि त्याला हवं ते एक अक्षर त्यातून कळलं नव्हतं. शिनोळीचा रस्ता चालू आहे का, एसटी बंद ठेवली ती कुठपर्यंत, खासगी गाड्या अडवतात की फक्त ट्रक, कोगनोळीला बंदोबस्त आहे का. आम्ही पहिल्या पानावर हीच माहिती चौकटीत घेतली. मथळ्यात ट्रक कुठे अडवले, किती वाजता आणि कुणी अडवले, एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या चौकटीबद्दलच फोन येत होते, मथळ्याबद्दल एकही नाही.

आगीच्या शब्दांवर माझा खास राग आहे. 'सीमावाद पेटला' हा मथळा आपल्याकडे इतका छापलाय की तो कुणी लिहीत नाही, आपोआपच येतो. आग पेटते, भडकते, लोण पसरतं. यात पेटवणारा कुठे आहे? संघटनेचं नाव, पुढाऱ्याचं वक्तव्य, पोलिसांनी वेळेत काय केलं नाही, सगळं त्या धुरात दडपून जातं. अमित शहांनी १४ डिसेंबरला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली, तेव्हा बड्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांमुळे वातावरण बिघडल्याचं त्यांनीच सांगितलं. म्हणजे आठवडाभर आपण सगळे ज्याला वणवा म्हणत होतो, त्यात काड्या टाकणारी खाती होती, आणि त्यांच्या मागे लागायचं काम पत्रकारांचं होतं. 'हल्लाबोल'चंही हेच. महापालिकेत राकसकोपच्या पाण्यावरून नगरसेवकांनी प्रश्न विचारले, बातमीत आलं 'प्रशासनावर हल्लाबोल'. काय विचारलं? आयुक्त काय म्हणाले? पाणी कधी येणार? बातमीदाराकडे टिपण कच्चं असलं की शब्द चढतात, हे मी असंख्य वेळा पाहिलंय.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कन्नड वाहिन्या आणि पेपर महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांना सरसकट 'पुंड' म्हणतात, काही झालं की 'पुंडाटिके'. वाचून आपलं रक्त खवळतं, ते बरोबरच आहे. मूक सायकल फेरीत चालणारा सत्तर वर्षांचा म्हातारा पुंड कसा? पण आपल्याकडचे मथळे काढून बघा. 'करवेची वळवळ', 'कानडी संघटनांची कोल्हेकुई', 'थयथयाट', 'पोटशूळ'. 'कानडी वरवंटा' तर सरकारला लावतात तसा माणसांनाही लावतात. सरकारला लावला तर मी तो कापत नाही. सरकार मोठं असतं, त्याला वकील असतात, पोलीस असतात, त्याच्यावर वरवंटा म्हणून टीका झाली तर काही बिघडत नाही. अत्र्यांची जीभ संयुक्त महाराष्ट्राच्या काळात कुणावर चालत होती? मोरारजींवर, सत्तेवर. शेजारच्या किराणा दुकानदारावर नव्हे. 'कानडी' हे विशेषण मात्र सरकारवरून घसरून कधी माणसांवर येतं ते लिहिणाऱ्याला कळत नाही. खडेबाजारातल्या निम्म्या दुकानांत मालक एका भाषेचा, कामगार दुसऱ्या भाषेचा आणि हिशेब तिसऱ्या भाषेत असतो. शहापूर-वडगावातल्या कितीतरी घरांत सून एका भाषेतून येते आणि सासू दुसऱ्या भाषेत बोलते. 'कानडी वळवळ' म्हणताना तुम्ही त्या सुनेच्या बापालाही किडा म्हणताय.

अशा चर्चेत कुणीतरी रवांडाच्या रेडिओचं उदाहरण काढतंच, की १९९४ मध्ये तिथे तुत्सींना झुरळ म्हणत आणि पुढे नरसंहार झाला. बेळगावला ते उदाहरण लावणं अतिशयोक्ती आहे, मला ते आवडत नाही. पण त्यातला एक तपशील उपयोगाचा आहे. तो रेडिओ नुसतं झुरळ म्हणून थांबत नव्हता. माणसांची नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर वाचून दाखवत होता. शिवी आणि पत्ता एकत्र आले की ती शिवी राहत नाही. तुमच्या व्हिडिओत मागे दुकानाची पाटी दिसते, केए २२ किंवा एमएच ०९ नंबरप्लेट दिसते, पोरांचे चेहरे दिसतात. पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं हा कायदा आल्यापासून तर पाटीचं दृश्य म्हणजे थेट बोट दाखवणं झालंय. नंबर, पाटी आणि चेहरा धूसर करणं मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण पोलीस ठाण्यात गेल्यावर कळण्यापेक्षा आत्ता बरं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम १९६ म्हणजे पूर्वीचं १५३ अ. धर्म, जात यांच्याबरोबर जन्मस्थान, निवासस्थान आणि भाषा या कारणांवरून गटागटांत शत्रुत्व वाढवणं हा गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. सीमाभागात भाषा आणि निवासस्थान ही दोन्ही कारणं रोजची आहेत. डिसेंबर २०२० मध्ये एका टीव्ही अँकरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शब्दांबरोबर संदर्भ बघायचा आणि बोलणारा कोण तेही बघायचं. ज्याचं लोक ऐकतात त्याची जबाबदारी जास्त. मात्र मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून झालेला गुन्हा त्याच न्यायालयाने रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर, विचारी माणसाच्या नजरेने मोजायचा, ज्याला सगळीकडे धोकाच दिसतो त्याच्या नजरेने नव्हे, हे त्यात पुन्हा सांगितलं गेलं. हे मूळचं नागपूर उच्च न्यायालयाच्या व्हिव्हियन बोस यांचं, स्वातंत्र्यापूर्वीचं. म्हणजे कडक बोलायला तुम्हाला भरपूर जागा आहे. पण शेवटी निर्दोष सुटणं वेगळं आणि तोपर्यंत तारखांना जाणं वेगळं. सीमाभागात मराठी पोरांवरचे किती खटले किती वर्षं चालतात ते तुम्हाला माहीत आहे.

'मग मी मिळमिळीत बोलू का?' या तुमच्या प्रश्नाला आपल्याच घोषणांमध्ये उत्तर आहे. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' यात मिळमिळीत काय आहे? 'रहेंगे तो महाराष्ट्र में, नहीं तो जेल में', यात तुरुंगात कोण जाणार आहे? बोलणारा स्वतः. १९५६ पासून पिढ्यान् पिढ्या या घोषणांवर लोक रस्त्यावर आले आणि त्यात दुसऱ्या कुणाला ठेचायची, गाडायची, संपवायची भाषा नाही. १७ जानेवारी आणि १ जूनला आपण सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करतो, ती माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी गेली. 'रक्त', 'बलिदान' हे शब्द इथे थंबनेलला चमक यावी म्हणून नाहीत. हिंडलग्याच्या स्मारकापुढे अजून त्या घरांतली माणसं उभी राहतात. त्याच शब्दांत तुम्ही आमदारकीच्या तिकीटवाटपाचं वर्णन करता, तेव्हा त्या घरच्यांनी काय समजावं?

आता १ नोव्हेंबर तोंडावर आहे आणि बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ आपण त्या दिवशी पाळतो त्या काळ्या दिनाचं तुम्ही थेट प्रक्षेपण करणार म्हणता, तर त्यापुरतं सांगतो. एकाच दिवशी, एकाच शहरात इकडे सायकल फेरी आणि तिकडे चन्नम्मा चौकात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते. दोन्ही जमाव मोबाइल हातात घेऊनच असतात. थेट बोलताना अंदाज वर्तवू नका. 'इथे काहीही होऊ शकतं' हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढूच नका, तेच ऐकून पोरं धावत येतात. पोलिसांनी अडवलं तर कुठल्या अधिकाऱ्याने, कुठल्या आदेशाने अडवलं ते विचारा आणि उत्तर ऐकवा. लाठी चालली तर 'अमानुष' म्हणण्याआधी किती जणांना लागलं, कुठल्या दवाखान्यात नेलं ते सांगा. विशेषण मागाहून लावलं तरी चालतं. दगड पडताना दिसला तर कॅमेरा फिरवू नका, मग तो कुणाच्याही बाजूचा असो, पण मारणाऱ्याचं नाव गर्दीतून ऐकून सांगू नका. शेजारच्या कन्नड चॅनेलवाल्या पोराचा नंबर घेऊन ठेवा. अफवा उठली की दोघांनी एकमेकांना विचारायचं. आमच्या वेळी दोन्ही भाषांचे बातमीदार एकाच टपरीवर चहा पीत आणि निम्म्या अफवा तिथेच मरत.

आणि थंबनेल आदल्या रात्री करून ठेवू नका. 'बेळगावात रणकंदन' आधीच तयार असलं, की दिवसभर तुम्ही त्याला शोभेल असं दृश्य शोधत फिरता. फेरी मराठा मंदिरला पोहोचू दे, सभा संपू दे, मग जे झालं ते बघून करा.